वार्धक्याचा ताल : रोलिंग स्टोन्सच्या उत्तरकाळासंबंधी

रॉक संगीताची समीक्षा ज्या गृहीतकांवर उभी राहिली, त्यांपैकी सर्वांत दृढ गृहीतक तारुण्याचे आहे. हे संगीत तरुणांनी तरुणांसाठी निर्माण केले आणि त्याचे बळ बंडखोरीत आहे, असे एकदा मान्य केले की म्हाताऱ्या रॉक वादकाचे काय करावयाचे, हा प्रश्न समीक्षकास अडचणीचा होऊन बसतो. बीटल्स १९७० मध्ये विभक्त झाले. लेड झेपलिनने ड्रमवादक जॉन बॉनमच्या निधनानंतर १९८० मध्येच विराम घेतला. या वाद्यवृंदांच्या कथेला शेवट आहे, त्यामुळे त्यांचे मूल्यमापन तुलनेने सुकर ठरते. रोलिंग स्टोन्सच्या बाबतीत तसे घडले नाही. लंडनच्या मार्की क्लबमध्ये १२ जुलै १९६२ रोजी या नावाने त्यांचा पहिला कार्यक्रम झाला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेतील क्रीडांगणे भरवीत होते.

या प्रदीर्घ कारकिर्दीची विभागणी समीक्षेने जवळजवळ ठरवूनच टाकली आहे. १९७२ च्या ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’पर्यंतचा काळ सुवर्णयुगाचा, १९८१ च्या ‘टॅटू यू’पर्यंतचा सवलतीने स्वीकारावयाचा, आणि त्यापुढचे सारे ‘व्यवसाय’ या एका शब्दात गुंडाळावयाचे, अशी ही विभागणी आहे. त्या गुंडाळून ठेवलेल्या चार दशकांत ऐकण्याजोगे काय आहे आणि ते जेथे आहे तेथेच का आहे, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. या वाद्यवृंदाने आपले वय जेथे लपविले तेथे त्याचे संगीत पोकळ झाले. जेथे वयाला तालात आणि स्वरात शिरू दिले तेथे तरुणपणी त्याला साधले नसते असे काही साधले, असे माझे प्रतिपादन आहे. या दुसऱ्या शक्यतेचा खरा राखणदार गायक मिक जॅगर नव्हता. तो ड्रमवादक चार्ली वॉट्स होता.

भारतीय श्रोत्याला या विषयाकडे पाहण्याची एक वेगळी सोय अनायासे मिळालेली आहे. इंग्लंड-अमेरिकेतील चाहत्याने स्टोन्सना आधी तरुण पाहिले आणि मग म्हातारे होताना पाहिले. माझ्या पिढीतील मुंबईच्या श्रोत्यापर्यंत मात्र सारे एकदमच आले. १९६५ चे ‘सॅटिस्फॅक्शन’ आणि १९८९ चे ‘स्टील व्हील्स’ दुकानातील एकाच फळीवर कॅसेटच्या रूपाने शेजारी शेजारी उभे असत. १९९१ नंतर उपग्रह दूरचित्रवाणीमुळे एमटीव्ही घरात आला, आणि १९९४ मध्ये डेव्हिड फिंचरने दिग्दर्शित केलेल्या ‘लव्ह इज स्ट्राँग’च्या चित्रफितीत न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींमधून राक्षसी आकाराचे चार पुरुष चालत जाताना आम्ही पाहिले. त्या वेळी जॅगर पन्नाशी ओलांडून गेला होता. तेव्हा आमचे स्टोन्स पहिल्या भेटीपासूनच प्रौढ होते. गतकाळाच्या हुरहुरीवर त्यांना मोजण्याचा मोह आम्हाला त्यामुळे तितकासा होत नाही.

येथे ‘चाहता’ आणि ‘रसिक’ या दोन शब्दांतील अंतर ध्यानात घेतले पाहिजे. चाहत्याची निष्ठा व्यक्तीवर असते, रसिकाची वस्तूवर. तीस वर्षांहून अधिक काळ एकाच वाद्यवृंदाचे संगीत ऐकणारा मनुष्य दोन्ही असतो, आणि त्याच्यातील रसिकाने चाहत्याचे कान वेळोवेळी उपटावे लागतात. या लेखातही ते करावे लागणार आहे.

रंगमंच आणि बाजारपेठ

उत्तरकाळाचा आरंभ बहुधा १९८९ पासून मानला जातो, आणि ते योग्यच आहे. त्यापूर्वीची चार वर्षे फुटीची होती. जॅगरने १९८५ आणि १९८७ मध्ये स्वतंत्र अल्बम काढले. वाद्यवृंदाचा सहसंस्थापक आणि पियानोवादक इयन स्ट्युअर्ट १२ डिसेंबर १९८५ रोजी निवर्तला. १९८६ च्या ‘डर्टी वर्क’नंतर जॅगरने दौरा करण्यास नकार दिला, आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्सने १९८८ मध्ये ‘टॉक इज चीप’ हा स्वतःचा अल्बम काढून त्याला उत्तर दिले. हा अल्बम त्या दशकातील स्टोन्सच्या कोणत्याही उत्तरार्धीय अल्बमपेक्षा सरस आहे, हे जाता जाता नोंदविण्यास हरकत नाही.

१९८९ मध्ये समेट झाला आणि ‘स्टील व्हील्स’ या अल्बमसोबत जो दौरा निघाला त्याने केवळ स्टोन्सचेच नव्हे, तर एकूण रॉक संगीताचे अर्थकारण बदलले. कॅनडातील आयोजक मायकेल कोल याने शहराशहरांतील स्थानिक आयोजकांना बाजूला सारून अखंड दौराच विकत घेतला. तिकिटे, प्रायोजकत्व, स्मरणवस्तूंची विक्री हे सारे एका हाती आले. प्रायोजकत्व तसे नवे नव्हते. १९८१ चा दौरा जोवान या सुगंधी द्रव्यांच्या कंपनीने प्रायोजित केला होता. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ च्या जाहिरातीसाठी ‘स्टार्ट मी अप’ घेतले. आणि २०२४ च्या दौऱ्याचा प्रायोजक होती एएआरपी, म्हणजे पन्नाशीपुढील अमेरिकनांच्या हिताचे काम करणारी संस्था! सुगंधापासून निवृत्तीपर्यंतचा हा प्रवास कोणत्याही समीक्षकाच्या टीकेहून बोलका आहे. २००५ ते २००७ या काळातील ‘अ बिगर बँग’ दौऱ्याने पंचावन्न कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळविले आणि तो त्या वेळचा विक्रम ठरला.

पैसा मिळाला म्हणून कला बिघडली, असे सरळ समीकरण मला मान्य नाही. शेक्सपिअरही नाटकमंडळीचा भागीदार होता. परंतु या अर्थकारणाचा एक परिणाम थेट संगीतावर झाला. साठ-सत्तर हजारांच्या मैदानात आलेल्या श्रोत्याला ठरावीक वीस गाणी ऐकावयाची असतात, आणि ती ओळखू येतील अशा रीतीनेच ऐकावयाची असतात. त्यासाठी मंचावर माणसे वाढली. कीबोर्डवादक चक लेव्हेल १९८२ पासून सोबत होता. १९८९ पासून बर्नर्ड फाउलर, लिसा फिशर हे सहगायक आले. शिंगवाद्यांचा ताफा आला. सैलपणाला जागा उरली नाही. आणि हा सैलपणाच तर स्टोन्सच्या संगीताचा प्राण होता.

स्टोन्सचा मुंबईतील कार्यक्रम ७ एप्रिल २००३ रोजी ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाला; त्याआधी ४ एप्रिलला बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर ते वाजवून आले होते. जॅगर तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होता आणि वॉट्स एकसष्ट वर्षांचा. मैदानावरच्या त्या गर्दीत बहुतेकांच्या नजरा जॅगरच्या धावपळीवर खिळलेल्या होत्या, आणि ते स्वाभाविक होते. साठीला आलेल्या पुरुषाने विशीतल्या देहाचे असे हुबेहूब सोंग वठवावे, हे विलक्षणच असते. मराठी प्रेक्षकाला या प्रसंगी बालगंधर्वांची आठवण होणे अपरिहार्य आहे. पन्नाशी ओलांडल्यावरही ते स्त्रीभूमिका करीत राहिले, आणि प्रेक्षकांत दोन तट पडले : एकाला देह दिसत होता, दुसऱ्याला गाणे ऐकू येत होते. फरक असा की बालगंधर्वांचे गाणे त्यांच्या रूपापासून वेगळे काढून डोळे मिटून ऐकता येत असे. जॅगरच्या बाबतीत डोळे मिटले की उत्तरकाळातील अनेक गाण्यांमधून फारसे काही हाती लागत नाही. १९८६ ते १९९७ या काळातील त्याचे गायन ओरडण्याच्या अंगाने जाते. आवाजाचे वय दिसू नये म्हणून प्रत्येक ओळीवर सारखाच जोर दिलेला असतो. ‘ब्रिजेस टू बॅबिलॉन’मध्ये तर त्या त्या काळच्या फॅशनेबल निर्मात्यांना पाचारण करून नवे दिसण्याची धडपड आहे. आज तो अल्बम १९९७ चा वाटतो. १९७२ चे ‘एक्झाइल’ कोणत्याच सालाचे वाटत नाही.

ताल

स्टोन्सच्या तालरचनेविषयी थोडे तपशिलाने लिहिणे भाग आहे, कारण उत्तरकाळाचा निवाडा तेथेच व्हावयाचा आहे. सामान्यतः रॉक वाद्यवृंदात ड्रमवादक पुढे असतो आणि इतर त्याच्या मागून जातात. स्टोन्समध्ये गिटार पुढे असे. रिचर्ड्स १९६८ च्या सुमारास पाच तारांच्या ‘ओपन जी’ जुळणीकडे वळला. सर्वांत जाड तार काढून टाकल्यामुळे त्याच्या गिटारीतून भरगच्च स्वरसमूहांऐवजी तोडलेले, मोकळ्या जागा सोडणारे तुकडे येऊ लागले. वॉट्स त्या तुकड्यांच्या मागोमाग जाई, आणि बिल वायमनची बास गिटार त्याहून किंचित मागे. तिघांमधील हे केसाएवढे अंतर म्हणजेच स्टोन्स. ताल आता मोडेल असे वाटते, आणि मोडत नाही.

वॉट्स मूळचा जाझचा उपासक. चार्ली पार्करवर त्याची एवढी भक्ती की तरुणपणी त्याने पार्करवर एक सचित्र पुस्तिका रचली आणि १९९१ मध्ये तिच्या आधारे आपल्या जाझ पंचकाचा अल्बम काढला. रॉकच्या जगात मोठमोठाले ड्रमसंच मिरविले जात असताना तो चार ढोलांच्या लहान संचावर अखेरपर्यंत वाजवीत राहिला. त्याच्या वादनाची एक लकब सर्वश्रुत आहे : डाव्या हाताने स्नेअर ड्रमवर आघात करताना तो उजवा हात हाय-हॅटच्या झांजांवरून उचलून घेई. त्या क्षणी झांज वाजत नाही. आघात एकटाच, उघडा पडतो. प्रत्येक आवर्तनात असा एक लहानसा श्वास घेतला जाई. हा श्वास वयाबरोबर लांबत गेला. चित्रफितींतून आणि ध्वनिमुद्रणांतून १९७० च्या दशकातील वॉट्स आणि २०१० नंतरचा वॉट्स शेजारी ठेवून ऐकावा; नंतरच्यात आघात कमी आहेत, बळही कमी आहे, पण प्रत्येक आघाताला वजन आहे. आपल्याकडे भीमसेन जोशींच्या अखेरच्या मैफिलींत दमसास उणावला असता एकेका स्वराची निवड श्रोत्यांना जशी जाणवे, तसेच काहीसे हे आहे. अभिजात संगीताच्या श्रोत्याला यात नवल वाटणार नाही. रॉकच्या समीक्षेला मात्र हे ऐकण्याची सवय नाही.

वायमनने १९९३ मध्ये वाद्यवृंद सोडला. त्याच्या जागी आलेला डॅरिल जोन्स पूर्वी माइल्स डेव्हिसबरोबर वाजविलेला, तांत्रिकदृष्ट्या कितीतरी सरस वादक. पण तो बरोबर जागेवर वाजवितो, आणि तेथे ते केसाएवढे अंतर थोडे बुजले. तीस वर्षे वाजवूनही त्याला अधिकृत सदस्यत्व मिळाले नाही, ही गोष्ट मला चाहता म्हणूनही पटलेली नाही.

रिचर्ड्सची गाणी आणि तीन दिवसांचा अल्बम

उत्तरकाळातील बहुतेक अल्बममध्ये रिचर्ड्स एखाददुसरे गाणे स्वतः गातो. मैदानातील कार्यक्रमात या गाण्यांच्या वेळी लोक पाणी पिण्यास उठतात. माझ्या मते उत्तरकाळाचे सर्वांत टिकाऊ काम तेथे आहे. ‘स्लिपिंग अवे’ (१९८९), ‘थ्रू अँड थ्रू’ (१९९४), ‘हाउ कॅन आय स्टॉप’ (१९९७) आणि ‘लूझिंग माय टच’ (२००२) ही चार गाणी क्रमाने ऐकली, तर एका माणसाच्या पन्नाशीच्या आसपासच्या दीड दशकाचा आलेख मिळतो. रिचर्ड्सचा आवाज कधीच चांगला नव्हता, आणि धूम्रपानाने तो खरवडला गेला. त्यामुळे लपविण्याजोगे काही उरलेच नाही. तो बोलल्यासारखे गातो, ओळ अर्ध्यावर सोडतो, पुढची उशिरा उचलतो. ‘हाउ कॅन आय स्टॉप’च्या अखेरीस वेन शॉर्टरचा सोप्रानो सॅक्सोफोन येतो आणि वॉट्स त्याच्याबरोबर मोकळा होत जातो, त्या दोन मिनिटांत हा रॉक वाद्यवृंद आहे की जाझचा, हे सांगणे कठीण जावे.

२००५ चा ‘अ बिगर बँग’ सोळा गाण्यांचा आहे, म्हणजे किमान पाचांनी अधिक. तरीही तो आधीच्या तिन्ही अल्बमपेक्षा सच्चा आहे, आणि याचे कारण दुर्दैवी आहे. २००४ मध्ये वॉट्सला घशाच्या कर्करोगासाठी उपचार घ्यावे लागले. त्या काळात जॅगर आणि रिचर्ड्स दोघेच समोरासमोर बसून काम करीत राहिले. जॅगरने ड्रम, बास, जे लागेल ते वाजविले. डामडौल आपोआप गळला. त्यातील ‘बॅक ऑफ माय हँड’ हे ब्लूज पद्धतीचे गाणे पुढच्या अल्बमची पूर्वसूचनाच म्हणावी लागेल.

हा पुढचा अल्बम यावयास अकरा वर्षे लागली. डिसेंबर २०१५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश ग्रोव्ह स्टुडिओत नवी गाणी बांधण्यासाठी मंडळी जमली होती. काम पुढे सरकेना, तेव्हा खोलीचा ध्वनी जोखण्यासाठी लिटल वॉल्टरचे ‘ब्लू अँड लोनसम’ वाजविण्यात आले. ते जमले, मग दुसरे, मग तिसरे. तीन दिवसांत बारा गाणी झाली, सगळी शिकागो परंपरेच्या ब्लूजची आणि एकही स्वतःचे नाही. शेजारच्या स्टुडिओत एरिक क्लॅप्टन होता. तो दोन गाण्यांत वाजवून गेला. २ डिसेंबर २०१६ रोजी ‘ब्लू अँड लोनसम’ याच नावाने अल्बम प्रकाशित झाला.

या अल्बमवर सृजनशक्ती आटल्याचा आक्षेप घेता येतो, आणि तो घेतला गेला पाहिजे. पण ऐकताना एक विलक्षण उलटापालट ध्यानात येते. १९६२ मध्ये ही विशीतील मुले आपल्याहून वडील असलेल्या कृष्णवर्णीय गायकांची गाणी गात होती. मे १९६५ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीच्या ‘शिंडिग’ या कार्यक्रमात आपल्यासोबत हाउलिन वुल्फ असावा, असा आग्रह त्यांनी धरला. चौपन्न वर्षांचा वुल्फ गातो आहे आणि ही मुले त्याच्या सभोवती बसून ऐकत आहेत, असे ते दृश्य आहे. लिटल वॉल्टर मात्र १९६८ मध्ये अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेला. २०१५ मध्ये त्याची गाणी गाणारा जॅगर बहात्तर वर्षांचा होता, म्हणजे वयाने गुरूच्या जवळजवळ दुप्पट. शिष्य आता गुरूहून वृद्ध झाला आहे, आणि गुरूला जे वय लाभलेच नाही त्या वयाचा आवाज तो त्याच्या गाण्याला देतो आहे. जॅगर येथे धावत नाही. त्याचे माउथऑर्गनवादन, जे मैदानांच्या दौऱ्यांत जवळजवळ विसरले गेले होते, या अल्बमचे सर्वांत मोठे वैभव आहे. त्यात फुंकेइतकीच आत ओढलेल्या श्वासालाही किंमत आहे. आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा वॉट्स मागून जो संथ, अडखळल्यासारखा भासणारा ठेका धरतो, तसा ठेका १९६४ च्या वॉट्सला येत नव्हता. त्या वर्षीचे त्यांचे ‘लिटल रेड रूस्टर’ लावून पाहावे : सारे नीटनेटके आहे, आणि काहीही पणाला लागलेले नाही.

या स्तुतीने वंशाचा प्रश्न सुटतो, असे मी म्हणणार नाही. गौरवर्णीय वाद्यवृंदाने कृष्णवर्णीयांच्या संगीतावर साम्राज्य उभारले, ही वस्तुस्थिती राहतेच. रॉबर्ट जॉन्सनच्या ‘लव्ह इन व्हेन’चे श्रेय १९६९ च्या अल्बमवर मूळ कर्त्याच्या नावे छापले गेले नव्हते. ‘ब्राउन शुगर’ हे गुलामगिरी आणि लैंगिक अत्याचार यांना चटकदार बनविणारे गाणे २०२१ पर्यंत मंचावर गाइले जात होते. त्या वर्षी ते वगळले गेले. फार उशिरा वगळले गेले, असेच म्हणावे लागेल. २०१६ च्या अल्बममध्ये ऋण निदान नावानिशी मान्य केलेले आहे.

वॉट्सनंतर

२४ ऑगस्ट २०२१ रोजी चार्ली वॉट्सचे लंडनमध्ये निधन झाले. महिनाभरानंतर, २६ सप्टेंबरला, सेंट लुइस येथे दौरा पुन्हा सुरू झाला. ड्रमवर स्टीव्ह जॉर्डन होता. तो रिचर्ड्सचा १९८० च्या दशकापासूनचा सहकारी, तेव्हा निवड चुकीची नव्हती. दौरा थांबवावयास हवा होता का, या प्रश्नावर चाहत्यांत तीव्र मतभेद आहेत. माझ्यातील चाहत्याला दौरा चालू राहिल्याचा आनंद झाला. रसिकाला ऐकताना पहिल्याच गाण्यात जाणवले की ताल आता मोडण्याची भीती उरलेली नाही.

१८ वर्षांच्या खंडानंतर स्वरचित गाण्यांचा ‘हॅकनी डायमंड्स’ हा अल्बम २० ऑक्टोबर २०२३ रोजी आला, आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्याचे जे कौतुक झाले त्यात मला फारसे सहभागी होता येत नाही. अँड्र्यू वॉट या १९९० मध्ये जन्मलेल्या निर्मात्याने ध्वनी इतका लखलखीत आणि दाटीवाटीचा ठेवला आहे की गिटारींमधील मोकळी जागा भरून गेली आहे. जॅगरचा आवाज ऐंशीव्या वर्षी पस्तिशीचा वाटावा, अशी सगळी व्यवस्था केलेली दिसते. पॉल मॅकार्टनी, एल्टन जॉन, लेडी गागा, स्टीव्ही वंडर अशी पाहुण्यांची यादी लग्नपत्रिकेसारखी लांबते. यातील ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’ हे सात मिनिटांहून दीर्घ गीत मात्र खरोखर उंची गाठते. गाणे संपल्यासारखे होऊन पुन्हा उचलले जाते तेव्हा लेडी गागा जॅगरला जे आव्हान देते, त्यात त्याला वयाचे भान ठेवावेच लागते. रिचर्ड्सचे ‘टेल मी स्ट्रेट’ त्याच्या आधीच्या चार गाण्यांच्या पंगतीत बसेल.

वॉट्सने निधनापूर्वी मुद्रित केलेली दोन गाणी या अल्बममध्ये आहेत. त्यांपैकी ‘लिव्ह बाय द सोर्ड’मध्ये बास गिटार वायमनने वाजविली आहे, म्हणजे तीन दशकांनंतर ही जुनी जोडी एका गाण्यात पुन्हा ऐकू येते. हे गाणे रचना म्हणून सामान्य आहे. तरीही अल्बम क्रमाने ऐकत या गाण्याशी आले की वाद्ये एकमेकांपासून किंचित सुटी होतात, आणि जे इतर गाण्यांत हरवले आहे ते नेमके काय, हे कोणत्याही तांत्रिक विवरणाशिवाय कळते.

अल्बमच्या अखेरीस ‘रोलिंग स्टोन ब्लूज’ आहे. १९६१ मध्ये डार्टफर्ड रेल्वे स्थानकावर रिचर्ड्सला जॅगर भेटला तेव्हा जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स यांच्या ध्वनिमुद्रिका होत्या. पुढे वाद्यवृंदाचे नाव मडी वॉटर्सच्या याच गाण्यावरून घेतले गेले. इतकी वर्षे त्यांनी ते ध्वनिमुद्रित केले नव्हते. येथे ते दोघेच आहेत : जॅगरचा आवाज आणि माउथऑर्गन, रिचर्ड्सची गिटार. पाहुणे नाहीत, निर्मात्याची झळाळी नाही. एकदोन ठिकाणी गिटार आवाजाच्या मागे राहते, आणि जॅगर तिच्यासाठी थांबतो. ड्रमही नाहीत; मडी वॉटर्सच्या १९५० च्या मूळ ध्वनिमुद्रणातही ते नव्हते.